चावीवाल्याची होडी

जूनमधला दुसरा रविवार, सकाळची वेळ. हजर: आमचे घरमालक, त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणते, समोरचा गॅरेजवाला बाळू, स्वतःच्या टेम्पोसह, दोन मेंढ्या, वरच्या मजल्याची भाडेकरू या नात्याने मी, आणि टेम्पोच्या हौद्यात पालथी पडलेली एक ॲल्युमिनियमची होडी. गैरहजर: पाऊस.

अशी हजेरी घ्यायची मला सवय आहे. नोकरीभर सभांची इतिवृत्तं लिहीत आले. कोण होतं, काय ठरलं आणि काय राहिलं, एवढं लिहिलं की मला झोप लागते. त्या सकाळी काय ठरलं ते मात्र कुणालाच कळलं नाही, कारण ठरवणारा माणूस एकटा होता आणि त्याने सगळं आधीच ठरवलेलं होतं.

वहिनी फाटकात उभ्या राहिल्या. हातात मेंढ्यांसाठी निवडलेली मेथीची देठं.

"आवं, हे काय वो आनलं?"

"होडी."

"ते दिसतंय. कुनाची?"

"आपली."

वहिनींनी देठं खाली टाकली. "आपली? आवं, आटपाडीला आपल्या लग्नात वऱ्हाडाला प्यायला टँकर मागवला हुता. सात पिढ्यांत कुनी गुडघाभर पान्यात उतरलं न्हाई. आन् हे होडी आनत्यात!"

"पिढ्यांचं मला सांगू नगंस," घरमालक म्हणाले. "पान्याचं तर अजाबात सांगू नगंस."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते म्हणायचा अधिकार त्यांना नोकरीने दिला होता. आटपाडीच्या पलीकडच्या वाडीत, मेंढरांच्या मागे वाढलेला हा माणूस सांगलीत आला आणि पाणीपुरवठ्यात चावीवाला झाला. चावीवाला म्हणजे रस्त्यातलं झाकण उघडून, लांब दांड्याच्या लोखंडी चावीने गल्लीचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा. ज्याच्या गावात घागरभर पाण्यासाठी बाया भांडत, त्याच्या हातात निम्म्या गावाचं पाणी आलं. त्याचं जे व्हायचं तेच झालं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत पाणी आलं की ते फाटकात जाऊन उभे राहत. पाणी आपल्या नजरेखालून गेलेलं बरं, असा चेहरा करून. सगळी गल्ली त्यांना आण्णा म्हणे आणि नळाला दाब कमी असला की अजूनही त्यांच्याच नावाने ओरडे. त्यांना ते आवडायचं.

घरमालक म्हणून त्यांच्या अटी फार नव्हत्या. भाड्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. बोलायचे ते नळाबद्दल. एकदा दुपारी दार वाजलं.

"बाई, तुमचा न्हाणीतला नळ गळतुया."

"नाही हो आण्णा. बघा हवं तर."

त्यांनी आत येऊन नळाला कान लावला. "गळत न्हाई. पन गळनार हाय. मला आवाज कळतो."

आठवड्याच्या आत तो गळला. आता जो माणूस दर आठवड्याला हेच सांगतो त्याचं कधीतरी खरं होणारच. पण ते त्यांना सांगायची सोय नव्हती. पुढे वर्षभर ते त्या नळाकडे बोट दाखवून पाहुण्यांना तो किस्सा सांगत आणि मी माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून ऐके.

फरशी पुसायला एक बादली. तांदूळ धुतलेलं पाणी मेंढ्यांना. भांडी विसळलेलं कर्दळीला. पहिल्या महिन्यात मी एकदा बादलीभर पाणी मोरीत ओतलं, तर खालून आवाज आला, "वर कुनाचं बारसं हाय काय?"

आणि इतकं असून हा गृहस्थ पाण्याला भ्यायचा. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्यासमोर कुणी म्हणत नसे. कृष्णामाईला त्यांचा नमस्कार वरच्या पायरीवरून. सांगलीत आयुष्य गेलं, घाटाच्या चौथ्या पायरीखाली पाय लागला नाही. गणपती बाळूच्या हातात देऊन हे वरती चपला राखत उभे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "खालचं पानी माझ्या चार्जात न्हाई, बाई."

अशा माणसाने होडी का आणावी, याचं उत्तर मागच्या पुरात आहे.

तेव्हा त्यांच्याकडे तीन मेंढ्या होत्या. जातिवंत माडग्याळी, पोपटासारख्या बाकदार नाकाच्या, उंच. गल्लीतल्या लोकांची त्यावर तक्रार होती आणि ती रास्त होती, कारण त्यातली एक थेट दारात उभी राहून, साहेबाने कारकुनाकडे बघावं तशी आपल्याकडे बघत राही. वहिनी त्यांना मेंढ्या म्हणत. ते पोरी म्हणत. मुलं त्यांना झाली नाहीत. हा विषय घरात निघत नसे.

पूर आला. आम्ही गच्चीवर. दुसऱ्या दिवशी सुटकेची रबरी बोट आली. तीतला तरुण दमलेला होता, अंगावर दोन दिवसांचा चिखल. त्याने वहिनींना घेतलं, मला घेतलं. घरमालकांनी पहिली मेंढी उचलून पुढे केली.

"आजोबा, फक्त माणसं."

"ह्या बी माणसातल्याच हायत."

"आधार कार्ड आहे का त्यांना?"

त्या पोराला काय बोलावं? त्याला अजून दहा गच्च्या बाकी होत्या. पण घरमालकांनी मेंढी खाली ठेवली, पोत्यावर बसले आणि म्हणाले, "जावा तुमी." बोटीत बसलेल्या वहिनींनी पाठ फिरवली. शाळेत आमची सोय झाली होती. तिथेही त्या तीन दिवस भिंतीकडे तोंड करून बसल्या. मी दोनदा जेवायला उठवलं. म्हणाल्या, "त्यास्नी मेंढरं हायत की सोबतीला. मला काय, शाळा हाय."

पाणी उतरून आम्ही परतलो तेव्हा गच्चीवर दोनच मेंढ्या होत्या. तिसरी गारठून गेली होती. घरमालकांनी स्वतःचं घोंगडं तिच्यावर घातलं होतं आणि ते तसंच ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांनी वहिनींना सांगितलं, मी ऐकलं: "पुढच्या येळंला कुनाला इचारनार न्हाई. तू, मी, पोरी. समदी एकदम. एका बोटीत." वहिनी म्हणाल्या, "बगू."

तर ती ही बोट.

होडी साताऱ्याकडच्या एका धरणाच्या पाण्यावर मासेमारीला होती. ठेकेदार बदलला, होडी काठावर पडली, पुढे भंगारात गेली आणि फिरत फिरत माधवनगरच्या एका आवारात, मोडीत काढलेल्या यंत्रमागांच्या ढिगावर येऊन पडली. मी तिची पाहणी केली. नाकाडावर मोठा पोचा. तळाच्या शिवणीवरच्या रिवेटांची, म्हणजे बाळूच्या भाषेत रिपिटांची, अख्खी रांग सैल. बसायच्या दोन फळ्यांपैकी एक गायब. मागच्या लाकडाला वाळवी. वल्ही नाहीत. आत कुणीतरी कधीतरी चूल मांडली होती. आतली बाजू अजून काळी होती आणि तिला सुकटीचा वास होता. मेंढ्यांनी हुंगून तोंड फिरवलं.

"आण्णा, हे जमायचं न्हाई," बाळू म्हणाला. "मी मोटारीचं पोचं काढतो. हे म्हंजे मोडीत काढल्याली भांडी हायत."

"पत्रा तो पत्रा. ठोक तू."

बाळूने ठोकलं. आतून वाळूची पिशवी लावून लाकडी हातोड्याने पोचा काढला, तो तेवढा चांगला निघाला. बाकीचं काम घरमालकांनी त्याला करू दिलं नाही. त्यांच्या मते होडी हा पाइपच. फक्त रुंद. पाइपाच्या सांध्याला लावतात ती पुटी, ताग आणि रबराच्या चकत्या, सगळं आणून त्यांनी शिवण भरली. सैल रिवेट काढून नवे घालायचे, तर ते म्हणाले, "जुनं हाय ते ठोकून बसवायचं. काढल्यालं कवा परत बसत न्हाई." गल्लीतले लोक संध्याकाळी चहा पिऊन येऊन उभे राहत आणि सल्ला देत. यातल्या एकालाही पोहता येत नव्हतं. मीही उभी राहत असे आणि मलाही येत नाही.

मग आली तपासणी. होडी गळते का, हे बघायला ती नदीत नेऊन सोडायची, असं कुणालाही वाटेल. घरमालकांना वाटलं नाही. नदी त्यांच्या चार्जात नव्हती. त्यांनी होडीच्या दोन टोकांखाली सिमेंटचे ठोकळे लावले, नळाला पाइप जोडला आणि होडी आतून पाण्याने भरायला घेतली.

"आण्णा, हे उलटं झालं ना?" मी म्हटलं.

"का? आतलं पानी भायेर जात न्हाई, तर भायेरचं आत कसं यील? पत्र्याला काय डोळं हायत, पानी कुनाकडचं ते बगायला?"

एवढं मान्य करायला हवं की यात तर्क आहे. ज्या गावात पाणी ही टाकीत साठवायची वस्तू असते तिथे वाढलेला माणूस होडीकडे बघून आणखी काय विचार करणार? होडी काठोकाठ भरली. आम्ही वाकून वाकून खाली बघितलं. एक थेंब नाही. घरमालकांनी नारळ फोडला, होडीला झेंडूची माळ घातली आणि सगळ्यांना पेढे वाटले. मला देताना म्हणाले, "बाई, तुमी लिवून ठिवा. पास."

खरं संकट त्यानंतर आलं. होडी रिकामी करायची होती, आणि त्यांना एवढं पाणी टाकवेना.

"एवढं चांगलं पानी गटारात सोडू व्हय?"

"मग काय करणार?"

"वापरायचं."

पहिल्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांना बादल्या घेऊन बोलावलं. दोघं आले. वहिनींनी होडीतल्या पाण्यात गोधड्या भिजवल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "आमच्यात होडीत कपडं धुत्यात. कोकनातली मानसं अडानी हायत, ती पान्यात सोडत्यात." चार दिवसांनी पाण्यावर शेवाळाचा तवंग आला. मग आरोग्याच्या पाहणीला आलेल्या बाईंनी आत बॅटरी मारून बघितलं आणि डासांच्या अळ्या दाखवल्या. पाणी ओता म्हणाल्या. घरमालकांनी त्यांच्याशी अर्धा तास वाद घातला. शेवटी कंटाळून त्या बाईंनीच प्लास्टिकच्या पिशवीतून गप्पी मासे आणून होडीत सोडले, अळ्या खायला. अशा रीतीने मासेमारीच्या होडीत बऱ्याच वर्षांनी मासे आले. आतल्या बाजूने.

ते मासे त्यांना आवडू लागले. सकाळी मेंढ्यांना पाला टाकला की होडीपाशी जाऊन भाकरीचा चुरा टाकत. मी तेव्हा वहिनींना म्हटलं, आता ही होडी काही नदीत जात नाही. वहिनी म्हणाल्या, "न्हाई जाऊ दे. तेवढंच घरात कायतरी निपजतंय."

एका सकाळी मोठा आवाज झाला. मला वाटलं गॅसची टाकी फुटली. खाली येऊन बघते तर होडीचं पोट मधून खाली आलेलं. कसं येणार नाही? पाण्याचं ओझं मध्ये आणि आधार दोन टोकांना. शिवणीवरचे रिवेट एकापाठोपाठ एक उडाले होते, त्यांनी ठोकून बसवलेले जुने, सगळे. पाणी गल्लीभर पसरलं होतं आणि त्यात गप्पी मासे तडफडत होते. बाळू हसत सुटला. सगळी गल्ली हसली. घरमालक उकिडवे बसून मासे वेचून लोट्यात टाकत होते. दोनदा पाय घसरला. कुणाकडे बघितलं नाही.

मी हसले नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. पण त्यांनी लोटा घेऊन उठताना म्हटलं, "आता पुराचं दिस तोंडावर आलं, बाई. आता पोरींचं काय?" तेव्हा मला वाटलं की आता कुणीतरी हे काम नीट करायला हवं. आणि आमच्या गल्लीत एखादं काम नीट करायचं असलं की ते माझ्याकडेच येतं. कारण बाकीच्यांना काम कसं होत नाही हे सांगण्यातच जास्त गोडी असते.

मी आखणी केली. तळाखाली सलग फळ्या लावून होडी सपाट ठेवायची. नवे ॲल्युमिनियमचे रिवेट, जुना एकही नाही. बाहेरून एकाने हातोडा मारायचा आणि आतून दुसऱ्याने जड लोखंड घट्ट दाबून धरायचं, म्हणजे रिवेटची शेपटी चेपून बसते. बाळूला गॅरेजचं काम होतं, वहिनींनी नकार दिला, तेव्हा आत लोखंड धरायला मी बसले. ऑफिस सुटल्यावर, साडी खोचून. घरमालक ठोकत. एकेक रिवेट बसला की विचारत, "धरलं न्हवं?" मी म्हणे, "धरलंय." मागचं लाकूड नवं घातलं. दुसरी फळी घातली. वल्ह्यांऐवजी बाळूने एक लांब बांबू आणला. गल्लीतल्या पाण्यात बांबूच कामाचा, असं तो म्हणाला. ते बरोबर ठरलं.

"एकदा नदीवर सोडून बघू," मी म्हटलं.

"बगू की," घरमालक म्हणाले. आज गर्दी हाय, उद्या अमावास्या हाय, परवा पानी गढूळ हाय. एक दिवस मी सरळच विचारलं, "आण्णा, तुम्ही बसून बघितलंय का होडीत?"

"मी शेवटाला बसनार. समद्यास्नी बसवून."

वहिनी आतून म्हणाल्या, "शेवटाला कशाला, बसूच नगा."

ऑगस्टात नदी वाढली. आधी घाटाच्या पायऱ्या गेल्या, मग देवळं, मग भाजी मंडईकडून बातम्या. आमची गल्ली खोलगट. पाणी गटारातून उलटं वर आलं. पहिल्या दिवशी घोटा, दुसऱ्या दिवशी कमरेइतकं. माझी पिशवी तयार होती: कागद, औषधं, चार्जर, दोन साड्या. गॅस बंद, मेन स्विच बंद, फ्रिज रिकामा. सुटकेच्या बोटी नदीकाठच्या वस्तीत गुंतल्या होत्या. त्यांनी संध्याकाळपर्यंत येऊ म्हणून सांगितलं होतं. आणि आमच्या जिन्याच्या कठड्याला बांधलेली होडी पाण्यावर उभी होती. कोरडी. मी आत हात फिरवून बघितला. एक थेंब नव्हता.

गच्च्यांवर सगळी गल्ली उभी. जी माणसं होडी फुटली तेव्हा हसली होती तीच आता ओरडत होती, "आण्णा, आमालाबी न्या हो एक फेरी!"

घरमालक तिसऱ्या पायरीवर उभे राहिले. ताठ. पाणी तिसऱ्या पायरीला चाटत होतं. "बाळ्या, बांबू घे. आधी पोरी. मग तुजी वहिनी. मग बाई. मी शेवट."

बाळू होडीत उतरला. मेंढ्यांना ओढलं. त्यांनी चारी पाय रोवले. मी मागून ढकललं. मोठी पोपटनाकी मेंढी जिन्यातच खाली बसली आणि माझ्याकडे त्याच साहेबी नजरेने बघू लागली. बाळूने उचलायचा प्रयत्न केला तर होडी अशी डोलली की त्याने बांबूच धरला.

"रं, ढकलून मेंढरू जातं व्हय?" वहिनी वरच्या पायरीवरून म्हणाल्या. "पुढं धनी लागतो. आवं, तुमी जावा की म्होरं. तुमाला म्हाईत न्हाई?"

त्यांना माहीत होतं. धनगराच्या घरातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. कळप मागून हाकून पाण्यात उतरत नाही. धनी पुढे उतरतो, मग कळप येतो. दोन महिने हा माणूस होडीचा एकेक रिवेट मोजून घेत होता. ही एकच गोष्ट त्याने मनात येऊ दिली नव्हती, कारण ती मनात आली असती तर सगळ्यांच्या आधी स्वतः होडीत पाय टाकावा लागतो हेही आलं असतं.

ते होडीकडे बघत उभे राहिले. पाणी वाढत होतं. कुठेतरी भिंत पडल्याचा आवाज आला.

"आण्णा, बसा लवकर!" बाळू म्हणाला.

"बसतो."

"बसा की मग."

त्यांनी डोळे मिटले. खरंच मिटले, घट्ट. कठडा सोडला, एक पाय होडीत टाकला, दुसरा ओढला आणि फळीवर न बसता सरळ तळात बसले, दोन्ही हातांनी काठ धरून. आणि तशाच मिटल्या डोळ्यांनी घशातून ती आरोळी काढली, रानात काढतात ती, "ह्यर्र्र ह्योऽ!" दोन्ही मेंढ्या उठल्या आणि एकामागून एक अशा उड्या मारून आत गेल्या की जणू रोज जातात. एक त्यांच्या मांडीवर, एक पायांवर. होडीचा काठ पाण्यापासून चार बोटं राहिला.

"बास!" बाळू ओरडला. "आता कुनी न्हाई! वहिनी, मागारी येतो लगीच!" आणि त्याने बांबू रेटला.

होडी गल्लीच्या निम्म्यावर गेली तेव्हा घरमालकांनी डोळे उघडले. आधी मेंढ्या बघितल्या. मग मागे वळून जिना बघितला. जिन्यात वहिनी.

"बाळ्या! बाळ्या, थांब! ती ऱ्हायली!"

"हलू नगा आण्णा! बुडवशीला!"

ते हलले नाहीत. हलताच आलं नाही त्यांना.

वहिनींचा आवाज त्या पाण्यावरून सगळ्या गल्लीला ऐकू गेला. "गेल्या येळंला मला धाडलं आन् मेंढ्यांसंगं ऱ्हायला! ह्या येळंला मेंढ्यांसंगं गेला आन् मला ठिवलं! एकदम जायाचं हुतं न्हवं समद्यांनी? जावा! मेंढ्यांला जपा!"

गच्च्यांवर कुणी हसलं नाही.

घरमालकांना आणि मेंढ्यांना कोरड्या रस्त्याला उतरवून बाळू कबूल केल्याप्रमाणे परत आला. मी होडीत एक पाय टाकला. वहिनी पायरीवर बसून राहिल्या. "तुमी जावा बाई. मी त्या होडीत बसनार न्हाई. मेंढरांच्या मागनं तर न्हाईच." मी पाय परत काढला. बाळू बिचारा त्या दिवशी समोरच्या तीन घरांतली माणसं आणि एक फ्रिज काढत बसला. होडी एकदाही गळली नाही. संध्याकाळी सुटकेची बोट आली. तीतल्या माणसाने विचारलं, "आजी, घरात अजून कोणी?"

"हुता एक," वहिनी म्हणाल्या. "गेला फुडं."

पूर ओसरल्यावर घरमालक माझ्याकडे आले. दारातच उभे राहिले. न्हाणीकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाई, तुमी तिला जरा सांगा. मला मागारी यायचं हुतं."

"मग का नाही आलात? बाळू चार वेळा आला."

"मागारी यायचं म्हंजे परत त्यात बसायला लागलं असतं."

हे मी वहिनींना सांगितलं. शब्द न बदलता. त्या भाकरी थापत होत्या, थापत राहिल्या. गणपती झाले आणि त्या माहेरी आटपाडीला निघाल्या. बाळूच्या टेम्पोत दोन्ही मेंढ्या चढवल्या. चढवल्या म्हणजे स्वतः आधी चढल्या, मागून मेंढ्या गेल्या. घरमालक फाटकात.

"पोरी कशाला नेतीस?"

"माझ्या बानं दिल्याली पिलावळ हाय. तुमाला होडी हाय की." मग टेम्पोतूनच म्हणाल्या, "मला त्यात एकटीला बसवायचं. मेंढरू न्हाई, बाळ्या न्हाई. तुमी न्यायचं, ह्या काठाला बसवून त्या काठाला. मग मी सांगलीला येते."

त्यानंतर मी वरून रोज बघत असे. कोरड्या अंगणात फळ्यांवर ठेवलेल्या होडीत घरमालक जाऊन बसायचे. तळात नाही, फळीवर. आधी डोळे मिटून, मग उघडे. बांबू हातात. समोर कर्दळ. गल्लीतली पोरं विचारायची, "आण्णा, कुटपतूर गेलं?" ते बांबू एका हातातून दुसऱ्या हातात घेत. नदीवर मात्र ते गेले नाहीत. दिवाळीच्या आधी त्यांनी माझ्या हातात किल्ल्या दिल्या, होडी पालथी ठेवायला सांगितलं आणि आटपाडीची एसटी धरली. अट पुरी न करताच. वहिनींनी घरात घेतलं. अंथरूण कुठे घातलं ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. आवाज हळू.

"बाई, होडी हाय न्हवं नीट?"

"आहे."

"हितल्या तळ्याला पानी आलंय ह्या साली. लय न्हाई, पन एक फेरी हुईल. धाडून द्या टेम्पोतनं. आन् त्यास्नी बोलू नगा. आदी कळलं तर मेंढरं घिऊन डोंगरात जातील."

मी बाळूशी बोलले. तो म्हणाला, रविवारी नेतो. त्या रविवारी टेम्पोचा टायर बसला. पुढच्या रविवारी हळदीचं भाडं आलं. मी दोर काढून ठेवलाय, फळ्या पुसून ठेवल्यात, शिवणीवरून एकदा बोट फिरवून बघितलंय. तळ्याचं पाणी रोज थोडं उतरत असणार. टेम्पो अजून ठरलेला नाही.